रिकाम्या फलाटांची चित्रे

ख्रिस्तोफर हर्विग या कॅनेडियन छायाचित्रकाराचा ‘सोव्हिएट मेट्रो स्टेशन्स’ हा चित्रसंग्रह लंडनच्या फ्यूएल या प्रकाशनसंस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केला. वास्तुकलेवर सातत्याने लिहिणारे ओवेन हॅथर्ली यांचा लेख त्यास जोडलेला आहे. पूर्वीच्या सोव्हिएट संघराज्यात जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेची जी स्थानके बांधली गेली, त्यांची छायाचित्रे हा या ग्रंथाचा विषय. याच छायाचित्रकाराने त्यापूर्वी २०१५ साली त्याच भूभागातील रस्त्याकडेच्या बसथांब्यांचा संग्रह काढून रसिकांचे लक्ष वेधून घेतले होते. ते थांबे उघड्या माळावर उभे होते. हा ग्रंथ आपणांस भूगर्भात नेतो.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. यांपैकी एकाही स्थानकात आम्ही पाऊल ठेवलेले नाही. आमच्या बहुसंख्य वाचकांचीही स्थिती हीच असावी. अशा वेळी छायाचित्र हे वास्तूचे केवळ वर्णन राहत नाही; आपल्यापुरती तीच वास्तू होऊन बसते. साक्षीदार सांगेल तेवढेच न्यायासनापुढे येते, तद्वत छायाचित्रकार भिंगात धरील तेवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. म्हणूनच त्याने काय दाखविले याबरोबर त्याने काय वगळले, हेही विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्यास असतो. या परीक्षणाचा रोख त्याच प्रश्नावर आहे.

प्रथम ग्रंथाच्या गुणांविषयी. मॉस्कोची भुयारी रेल्वे १५ मे १९३५ रोजी १३ स्थानकांनिशी सुरू झाली. राजवाड्यांना शोभावे असे संगमरवर, झुंबरे आणि पुतळे कामकरी माणसाच्या रोजच्या वाटेवर मांडावयाचे, ही त्या राजवटीची प्रतिज्ञा होती. ती प्रतिज्ञा करणाऱ्या हातांनीच त्याच दशकात लक्षावधी माणसांना उपासमारीच्या आणि छळछावण्यांच्या स्वाधीन केले, हेही विसरून चालत नाही. स्टालिनच्या मृत्यूनंतर वारे फिरले. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी पक्ष व सरकार यांनी एक ठराव करून बांधकामातील अनावश्यक अलंकरणास आळा घातला, आणि पुढील स्थानके एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली. दोन रांगांत साधे खांब, वर सपाट छत, बाजूस फरशा. मॉस्कोकर थट्टेने अशा स्थानकास ‘गोम’ म्हणतात, ते त्या खांबांच्या अनेक पायांवरून. पुढे सत्तरीच्या दशकात निरनिराळ्या प्रजासत्ताकांतून अलंकार पुन्हा डोके वर काढू लागला, पण आता त्यात स्थानिक परंपरेचा रंग होता. उझबेकिस्तानातील ताश्कंदची रेल्वे १९७७ साली सुरू झाली. तेथील अलिशेर नवाई या कवीच्या नावाच्या स्थानकाचे छत घुमटांच्या ओळीने तोलले आहे. आणि १९८४ च्या सुमारास झालेल्या अंतराळवीरांच्या स्थानकात निळ्या भिंतींवरील वर्तुळांतून वालेंतिना तेरेश्कोवाबरोबर समरकंदचा पंधराव्या शतकातील ज्योतिर्विद राजा उलुघ बेग हाही आपणांकडे पाहतो.

हर्विग यांचे श्रेय असे की, ते मॉस्कोच्या झुंबरांपाशी थांबले नाहीत. मॉस्कोची प्रसिद्ध स्थानके प्रत्येक प्रवासी टिपतो. हर्विग ताश्कंद, तिबिलिसी, बाकू, येरेव्हान, खार्किव्ह अशा नगरांच्या पोटात उतरले, आणि १९५५ नंतरच्या साध्या स्थानकांनाही त्यांनी तेवढ्याच आदराने सामोरे ठेवले. श्रीमंत मूर्तीपुढे नमस्कार करणारे पुष्कळ असतात. गावाबाहेरच्या घुमटीपुढे पादत्राणे काढणारा विरळा. या समदृष्टीमुळे ग्रंथास केवळ सुंदर चित्रांच्या वहीपेक्षा अधिक मोल आले आहे. पाने उलटता उलटता एका राज्याचे अर्धशतक, त्याचा गर्व, त्याची काटकसर आणि अखेरीस त्याच्या निरनिराळ्या प्रांतांत जागी झालेली स्वतःची आठवण, हे सारे दगडाच्या भाषेत वाचावयास मिळते.

आता त्यांच्या पद्धतीविषयी. बहुतेक चित्रे फलाटाच्या बरोबर मध्यरेषेवर उभे राहून घेतलेली आहेत. दोन्ही बाजूंचे खांब दूर जाऊन एका बिंदूत मिळतात, डावी बाजू उजवीस तोलून धरते, आणि चौकटीत माणूस बहुधा नसतो. असला तर नावापुरता, दूरवर. हे साधणे सोपे नव्हे. मॉस्कोत गर्दीच्या वेळी दीड-दोन मिनिटांस एक गाडी येते. दोन गाड्यांमधील एखादा श्वास, नाही तर पहाटेचा वा मध्यरात्रीचा प्रहर, एवढ्याच संधीत रिकामा फलाट मिळतो. शिवाय येथे सूर्यप्रकाश नाही. वास्तुकाराने दिव्यांची जी योजना केली तेवढाच उजेड, आणि तोही एकीकडे पिवळा तर दुसरीकडे हिरवट. अशा उजेडात संगमरवराचा खरा रंग कागदावर उतरविणे हे कसबी माणसाचेच काम आहे. हर्विग यांच्याकडे ते कसब आहे, याविषयी दुमत होऊ नये.

या रिकामेपणाने वास्तूचे काही गुण निःसंशय उजळतात. मॉस्कोतील क्रोपोत्किन्स्काया हे स्थानक पाहावे. ते १९३५ च्या पहिल्या १३ स्थानकांपैकी एक असून त्याचा वास्तुकार अलेक्सेय दुश्किन याने प्राचीन इजिप्तमधील कार्नाकच्या देवालयापासून स्फूर्ती घेतली होती, असे सांगतात. खांब वर जाता जाता फुलासारखे पसरतात. दिवे त्या पाकळ्यांत दडविलेले असल्यामुळे दिवा दिसत नाही, केवळ छत उजळलेले दिसते. जमिनीखाली असल्याचे दडपण नाहीसे करण्याची ही युक्ती आहे. गर्दीत चालणाऱ्यास ती जाणवते, परंतु कळत नाही. ती कळावयास खांब, प्रकाश आणि छत यांचा परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात यावा लागतो, आणि तो रिकाम्या फलाटाच्या चित्रातच येतो.

परंतु याच स्थानकापाशी चित्राची मर्यादाही उघडी पडते. या स्थानकाचे पहिले नाव सोव्हिएटांच्या प्रासादावरून ठेवले होते, कारण वर तो प्रासाद व्हावयाचा होता आणि हे त्याचे भूगर्भातील प्रवेशद्वार ठरणार होते. त्या जागी पूर्वी मॉस्कोचे ख्रिस्त-तारकाचे महामंदिर होते. ५ डिसेंबर १९३१ रोजी ते सुरुंग लावून पाडण्यात आले. प्रासाद कधीच झाला नाही. १९६० साली त्या खड्ड्यात पोहण्याचा तलाव झाला, आणि सोव्हिएट राज्य लयास गेल्यावर २००० सालापर्यंत पाडलेले मंदिर तेथेच पुन्हा उभे राहिले. एका देवालयाचा ध्वंस करून न झालेल्या राजवाड्याकडे नेणारा हा मार्ग, आणि त्याला प्रेरणा दुसऱ्या एका देवालयाची. सोळाव्या शतकात ज्यांच्या पूर्वजांनी देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली आणि अंत्रुजात त्यांची पुन्हा स्थापना केली, त्या गोमंतकीय वाचकांस पाडलेल्या देवळाच्या जागेचे हे दुःख वेगळे समजावून सांगावयास नको. चित्रात यातले काहीच नाही. तेथे फक्त उजळलेले छत आहे. दोष हर्विग यांचा नव्हे; छायाचित्र जमिनीवर काय होते हे सांगू शकत नाही. परंतु म्हणूनच अशा ग्रंथात शब्दांची साथ चित्राला पदोपदी हवी. प्रास्ताविक एक लेख कितीही मार्मिक असला, तरी पुढील पानांवरील शेकडो खांबांना वाचा फोडावयास तो पुरणारा नाही.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. दुश्किनचेच मायाकोव्स्काया हे स्थानक १९३८ साली झाले. ते सुमारे ३३ मीटर खोल असून पोलादाच्या सडपातळ कमानींवर तोललेले आहे. त्या कमानींमधील छतात लंबवर्तुळाकार कोनाडे आहेत आणि त्या कोनाड्यांच्या तळाशी चित्रकार अलेक्सांद्र देइनेका याने रंगीत काचतुकड्यांची कुट्टिमचित्रे बसविली आहेत. विषय सोव्हिएट आकाशाचा एक दिवस: सकाळ, दुपार, रात्र आणि पुन्हा सकाळ, विमाने, छत्रीने उतरणारे सैनिक, फळांनी लवलेल्या फांद्या. आता गंमत अशी की, मध्यरेषेवर उभे राहून फलाटाचे चित्र घेतले तर कमानींची ओळ अप्रतिम दिसते, पण कोनाड्यांतील आकाश दिसतच नाही. ते पाहावयास प्रत्येक कोनाड्याखाली जाऊन थांबावे लागते, मान वर करावी लागते आणि मग पुढे चालावे लागते. आमच्याकडे प्रदक्षिणेच्या मार्गावर भिंतीत जशा देवता बसवितात, तसाच हा क्रम आहे: पाहणारा चालला तरच तो उलगडतो. एका जागी उभ्या असलेल्या भिंगाला वास्तूचे शरीर मिळते, तिची चाल मिळत नाही. चालणारा माणूस येथे वास्तूच्या वर्णनातील एक आवश्यक पद आहे. तो वगळला की वाक्य अपुरे राहते.

या ठिकाणी कोणी म्हणेल, माणसांची गर्दी चित्रात आली असती तर वास्तू झाकली गेली असती. हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. आपल्या देवळांचाच दाखला घेऊ. मध्यान्हीचा नैवेद्य झाला, आरती झाली, पुजारी घरी गेले, की सभामंडप ओस पडतो. त्या वेळी कोणी तेथे एकटाच बसला तर खांबांची उंची, फरशीचा गारवा आणि चौकाच्या उजेडातून गाभाऱ्याच्या अंधाराकडे होणारा क्रमशः प्रवास हे सारे त्यास जितके जाणवते, तितके जत्रेच्या दिवशी जाणवत नाही. दुपारचे देऊळ खोटे नसते. पण ज्याने केवळ दुपारचे देऊळ पाहिले, त्याने ते देऊळ पाहिले असे आम्ही म्हणणार नाही. पालखी मंडपातून फिरत असता दोन खांबांतील अंतर एवढेच का ठेवले, पायऱ्या एवढ्या रुंद का केल्या, दीपमाळ नेमकी तेथेच का, याची उत्तरे त्या रात्री आपोआप मिळतात. रेल्वेच्या फलाटाचेही असेच आहे. हर्विग यांनी आपणांस शेकडो दुपारी दाखविल्या. जत्रा दाखविली नाही.

आणि येथेच एक योगायोग आमच्या मनास बोचतो. ताश्कंदच्या स्थानकांत छायाचित्रे घेण्यास २०१८ पर्यंत मनाई होती. ही भुयारे अणुयुद्धात आश्रयस्थान म्हणून उपयोगी पडावयाची असल्यामुळे त्यांना संरक्षणविषयक स्थळे समजत असत. १९७७ पासून चाळीस वर्षे त्या फलाटांवरून रोज असंख्य लोक ये-जा करीत होते. ज्या वस्तूला सारे नगर रोज डोळे भरून पाहते, ती गुपित कशी राहणार, हा प्रश्न त्या मनाईने स्वतःला कधी विचारला नाही. पाहणे मोकळे, पण पाहिल्याची नोंद ठेवणे गुन्हा, अशी ती विचित्र व्यवस्था होती. लोकांसाठी बांधले असे ज्या राज्याने अभिमानाने सांगितले, त्यानेच लोकांच्या हातून त्या वास्तूचे चित्र काढून घेतले.

मनाई मात्र सगळ्या एका जातीच्या नसतात. आमच्या देवळांतही गाभाऱ्याचे छायाचित्र घेऊ नये असा फलक असतो आणि आम्ही तो रास्त मानतो. तेथील कारण भयाचे नाही. देवाचे दर्शन हे समोर जाऊन घ्यावयाचे असते. आपण देवास पाहतो तसा देवही आपणांस पाहतो, अशी श्रद्धा आहे, आणि कागदावरील प्रतिमेने तो संबंध पुरा होत नाही. ही मनाई पाहणाऱ्यास दूर लोटीत नाही, उलट जवळ बोलाविते. ताश्कंदच्या मनाईत असे काही नव्हते. तेथे पाहणारा प्रत्येक माणूस संभाव्य हेर होता. मनाईचा न्याय तिच्या कारणावरून करावा, आणि कारण संपले की ती उठवावी. नाही तर नियम उरतो आणि त्याचा अर्थ गेलेला असतो.

कायद्याच्या दृष्टीने दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत, कारण सामान्यतः त्यांची गल्लत होते. जागेत शिरून चित्र घेण्यास जागेचा चालक परवानगी देतो की नाही, हा एक प्रश्न. आणि वास्तुकाराच्या कृतीचे चित्र घेतल्याने त्याच्या स्वामित्वहक्कास बाध येतो की नाही, हा दुसरा. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने दुसऱ्याचे उत्तर उदारपणे दिले आहे. वास्तूचे छायाचित्र घेणे वा प्रसिद्ध करणे हा हक्कभंग नव्हे. सार्वजनिक जागी, अथवा लोकांना प्रवेश असलेल्या वास्तूत, कायम बसविलेले शिल्प वा कलात्मक कारागिरीची कृती यांनाही ही मोकळीक लागू आहे. भिंतीवर रंगविलेल्या चित्राचा उल्लेख मात्र त्या मोकळिकीत नाही. म्हणजे खांबाचे चित्र निर्वेध घेता येते, पण त्याच्या शेजारच्या रंगीत भिंतीशी आले की विचार करावा लागतो. विधिकर्त्यांनी वास्तू आणि तिच्यावरील चित्र यांत रेघ ओढली. डोळ्यास ती रेघ दिसत नाही. तरीही मूळ तत्त्व स्वच्छ आहे: जे सर्वांच्या वाटेवर उभे केले, ते पाहण्याचा आणि पाहिलेले जतन करण्याचा अधिकार सर्वांचा आहे.

हा अधिकार केवळ हौसेचा नाही, हे मॉस्कोच्या भिंतींनीच सिद्ध केले आहे. कोम्सोमोल्स्काया हे वर्तुळ मार्गावरील स्थानक जानेवारी १९५२ मध्ये झाले. त्याच्या छतावर पावेल कोरिन या चित्रकाराची आठ भव्य कुट्टिमचित्रे आहेत. त्यांपैकी काहींत स्टालिन होता. त्याचा महिमा ओसरल्यावर ती चित्रे बदलण्यात आली. तागान्स्काया स्थानकातील स्टालिनचे मोठे उत्थितशिल्प साठीच्या दशकात काढून टाकले गेले, आणि मे २०२५ मध्ये, त्या रेल्वेस ९० वर्षे झाली त्या निमित्ताने, त्याची नवी प्रतिकृती पुन्हा तेथे बसविण्यात आली. कुर्स्काया स्थानकाच्या प्रवेशमंडपातील स्टालिनच्या गौरवाच्या ओळी २००९ मध्येच परत आल्या होत्या. दगड अचल असतो असे म्हणतात. येथे तो राजाबरोबर बोलणे बदलतो. अशा भिंतीपुढे दिनांकासह घेतलेले छायाचित्र हा पुरावा आहे. अमुक वर्षी या जागी अमुक होते वा नव्हते, हे ते शपथेवर सांगते. हर्विग यांच्या ग्रंथाचे हे मोल दिवसेंदिवस वाढत जाईल; आणि त्याचमुळे प्रत्येक चित्राखाली ते कोणत्या वर्षी घेतले हे ठळकपणे असावयास हवे, असा आमचा आग्रह आहे. दिनांक नसलेली साक्ष कितीही सुंदर असली तरी अर्धीच.

हे दूरदेशीचे प्रकरण आहे असे मानून आपण स्वस्थ राहू नये. गोमंतकातील व कारवार भागातील जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीने काढलेली कावीची चित्रे होती; जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यांतील कितीतरी खरवडली गेली आणि त्यांच्या जागी गुळगुळीत फरशा आल्या. कोरीव लाकडी खांब निघाले, सिमेंटचे आले. हे करणाऱ्यांची भक्ती खोटी नव्हती. पण गाभाऱ्यापुरती असावयाची मनाई जेथे सभामंडपापर्यंत आणि बाहेरच्या भिंतीपर्यंत ताणली गेली, तेथे गेलेल्या चित्रांची छायाही मागे उरली नाही. तेव्हा ताश्कंदच्या मनाईस हसताना आपल्या फलकांकडेही एकवार पाहिलेले बरे.

आता मूळ प्रश्नाकडे परत वळू: फलाटावरील माणूस. छायाचित्रकलेने या माणसाकडे अगदीच पाठ फिरविलेली नाही. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, अंगरख्याआड कॅमेरा लपवून, समोर बसलेल्या प्रवाशांचे चेहरे टिपले आणि ते १९६६ साली ग्रंथरूपाने दिले. त्यांत माणसेच माणसे आहेत, वास्तू नाही. हर्विग यांच्याकडे नेमके उलट. इव्हान्स यांनी न विचारता चेहरे घेतले, ही गोष्ट आजच्या विवेकास खटकते; हर्विग यांनी चेहराच टाळला, म्हणून कोणाचा अपराध झाला नाही. तथापि निरपराध असणे आणि पूर्ण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वास्तू आणि माणूस यांची गाठ पडली ती संकटात. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बाँब पडू लागले, तेव्हा भुयारी स्थानकांचा आश्रयासाठी उपयोग होऊ नये असेच सरकारचे प्रथम धोरण होते. लोकांनी तिकिटे काढली, खाली उतरले आणि वर यावयास नकार दिला. अखेर सरकारलाच नमावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिल ब्रँट यांनी सरकारी कामगिरीवर ती झोपलेली माणसे टिपली, आणि शिल्पकार हेन्री मूर यांनी त्यांची रेखाटने केली. त्या चित्रांत बोगद्याची वळणदार भिंत आहे आणि तिच्या कडेने दूरवर अंथरलेली माणसेही आहेत; एकावाचून दुसऱ्यास अर्थ नाही. मॉस्कोतही तेच घडले. १९४१ मध्ये स्थानके आश्रयस्थाने झाली. आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला मायाकोव्स्कायाच्या फलाटावर खुर्च्या मांडून क्रांतिदिनाची सभा भरली, तीत स्टालिनचे भाषण झाले. सकाळपासून सकाळपर्यंतचे आकाश दाखविणाऱ्या त्या छताखाली लोक आकाशाच्याच भीतीने येऊन बसले होते.

हा ग्रंथ निघाला तेव्हा हे सारे इतिहासजमा वाटत होते. तीन वर्षेही झाली नाहीत तोच, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली आणि कीव्ह व खार्किव्ह येथील माणसे अंथरुणे, मुले, मांजरे घेऊन सरकत्या जिन्यांनी खाली आली. खार्किव्हची रेल्वे त्या दिवशी थांबली ती तीन महिन्यांनी, २४ मे २०२२ रोजी, पुन्हा धावली. मधल्या काळात हजारो कुटुंबांनी फलाटांवर आणि उभ्या डब्यांत संसार केला. पुढे सप्टेंबर २०२३ पासून तेथील स्थानकांत मुलांचे शाळेचे वर्ग भरू लागले. त्या दिवसांची छायाचित्रे जगभर पोहोचली. हर्विग यांच्या पानांतून ज्यांनी त्या नगरांची ओस स्थानके पाहिली होती, त्यांस ती नवी चित्रे पाहून काय वाटले असेल? तेच खांब, तेच दिवे, तीच चकचकीत फरशी; पण खांबास टेकून एक म्हातारी, फरशीवर मुलांच्या वह्या. आमच्यापुरते सांगतो: त्या दिवशी प्रथम आम्हांस ती स्थानके इतकी खोल आणि त्यांचे खांब इतके दणकट का, हे डोळ्यांनी कळले. जुन्या ग्रंथात जे सौंदर्य म्हणून पाहिले होते, त्यात एक कर्तव्य दडलेले होते.

यावरून हर्विग यांची रिकामी चित्रे निरर्थक ठरली असे आम्ही म्हणत नाही. उलट त्यांना नवा अर्थ आला. शांततेच्या काळात फलाट रिकामा असू शकतो, हेच मुळी शांततेचे लक्षण आहे. पहाटेच्या पहिल्या गाडीपूर्वीची ती निर्जन, उजळलेली दालने आता आम्हांस भाग्यवंतांची वाटतात. पण हा अर्थ चित्रकाराने दिलेला नाही. तो त्या माणसांनी दिला, ज्यांना चौकटीबाहेर थांबावे लागले होते. एकाने बाहेर ठेवले ते भयाने, दुसऱ्याने सौंदर्यासाठी. मनाई करणारे राज्य आणि गर्दी टाळणारा रसिक यांची योग्यता एक नव्हे, हे आम्ही जाणतो. दोघांच्याही हातून एकच गोष्ट सुटली, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तेव्हा अभिप्राय असा. ‘सोव्हिएट मेट्रो स्टेशन्स’ हा संग्राह्य ग्रंथ आहे. दुर्लक्षित वास्तूंची इतकी आस्थेवाईक नोंद सहसा आढळत नाही, आणि प्रकाश व सममिती यांवरील चित्रकाराची पकड वाखाणण्याजोगी आहे. परंतु ही नोंद अर्धी आहे. तिला जोडून दुसरा ग्रंथ हवा: त्याच स्थानकांचा, गर्दीच्या वेळचा, जिन्याच्या तळाशी बसलेल्या कर्मचाऱ्यांसह, देइनेकाचे आकाश पाहण्यासाठी क्षणभर मान वर करणाऱ्या प्रवाशांसह, आणि प्रत्येक पानावर वर्ष घातलेला.

अशा ग्रंथाची गरज आता आपणांसही लागणार आहे. मुंबईची आरे ते कफ परेड ही भुयारी रेल्वे ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. गिरगाव आणि काळबादेवी ही नावे, जी पिढ्यान्‌पिढ्या आळींची, चाळींची आणि देवळांची म्हणून आपल्या तोंडी होती, ती आता जमिनीखालच्या फलाटांचीही झाली आहेत. त्यांची रिकामी, झगझगीत चित्रे निघतील आणि ती निघावीत. त्याबरोबरच गणपतीच्या दिवसांत तेथून वर येणाऱ्या माणसांचेही चित्र कोणी तरी दिनांक घालून ठेवावे. आणि ज्यांच्या हाती देवळांचा कारभार आहे, त्यांनीही जीर्णोद्धाराचा पहिला घाव घालण्यापूर्वी मंडपाच्या भिंतींची चित्रे घ्यावीत: एकदा दुपारी, आणि एकदा जत्रेच्या रात्री.